विश्लेषण : टू-स्ट्रोक क्वाडला कोणता जेट? पेट्रोलमधले इथेनॉल वाढताना जुने आकडे का चुकतात?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १५ टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल, म्हणजे ई-१५, विकण्यास परवानगी देणारा कायदा केला. तोपर्यंत तिथल्या पंपांवर सर्वसाधारणपणे ई-१० मिळत होते. याच राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे दर हिवाळ्यात हजारो क्वाड धावतात आणि त्यांत २० ते ४० वर्षे जुन्या, टू-स्ट्रोक आणि मॉडिफाय केलेल्या गाड्यांचीही हौस आहे. या गाड्यांत संगणक नाही, सेन्सर नाही. इंजिनाला किती पेट्रोल मिळणार, हे कार्बोरेटरमधले पितळेचे छोटेसे छिद्र ठरवते. त्या छिद्राचा आकार कसा निवडतात, तो चुकला तर काय होते आणि पेट्रोल बदलल्यावर तो पुन्हा का तपासावा लागतो, याचा हा आढावा.

ई-१५ आणि क्वाड, नेमके प्रकरण काय?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ई-१५ला परवानगी दिली ती फक्त २००१ आणि त्यानंतरच्या मोटारी, हलकी वाहने आणि फ्लेक्स-फ्युएल वाहनांसाठी. मोटारसायकली, क्वाडसारखी रस्त्याबाहेरची वाहने, बोटी आणि गवत कापण्याच्या यंत्रांसारखी उपकरणे यांत ते भरण्यास मनाई आहे आणि तशी सूचना पंपावर लावणे बंधनकारक आहे. उन्हाळ्यात ई-१५ विकण्यावर असलेल्या निर्बंधांतून २०२२ ते २०२५ या चारही वर्षी तात्पुरती सूट देण्यात आली. मक्याच्या पट्ट्यातील राज्यांना ही विक्री वर्षभर आणि कायमची सुरू हवी आहे.

म्हणजे कायद्याने क्वाडमध्ये ई-१५ भरायचेच नाही. पण क्वाड सहसा पंपावर नेली जात नाही. ती ट्रेलरवर असते आणि पेट्रोल डब्यात भरले जाते. डबा भरताना नोझल चुकले, किंवा एकाच नळीतून दोन्ही प्रकारचे पेट्रोल देणाऱ्या पंपावर आधीच्या ग्राहकाचे इंधन नळीत उरले, तर मोटारीच्या मोठ्या टाकीत ते खपून जाते. दहा लिटरच्या डब्यात त्याचा हिस्सा मोठा असतो. शिवाय गाडीचा जेट नेमक्या कोणत्या पेट्रोलवर बसवला होता, हे जुनी गाडी विकत घेणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊकच नसते.

इतक्या जुन्या गाड्या अजून का चालतात?

क्वाड म्हणजे चार जाड टायरांची, हँडलबारने वळणारी, मोटारसायकलसारखे बसून चालवायची गाडी. १९८० च्या दशकात तीन चाकांच्या गाड्यांचे अपघात वाढले आणि १९८८ मध्ये अमेरिकी सरकार व उत्पादक कंपन्यांत झालेल्या समझोत्यानंतर त्यांची विक्री थांबली. तोवर चार चाकांच्या वेगवान गाड्या बाजारात आल्या होत्या. सुझुकीची एलटी-२५०आर, होंडाची टीआरएक्स-२५०आर आणि यामाहाची बॅन्शी ही त्यांतली गाजलेली नावे. तिन्ही टू-स्ट्रोक.

बॅन्शी सर्वांत जास्त टिकली. अमेरिकेत ती १९८७ ते २००६ या काळात विकली गेली. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे तिचे इंजिन यामाहाच्या आरडी-३५० एलसी या मोटारसायकलच्या घराण्यातले. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४ मिलिमीटर आणि प्रत्येक सिलिंडरला २६ मिलिमीटरचा स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर. २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या धूर-नियमांत टू-स्ट्रोक क्वाड बसणे अवघड होते. नव्या गाड्यांचे उत्पादन थांबले, पण सुटे भाग बनवणारे थांबले नाहीत. सिलिंडर, सायलेन्सर, क्रँक, मोठे कार्बोरेटर असे जवळपास सगळे आजही बाजारात मिळते. त्यामुळे कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली बॅन्शी आता कमी दिसते. प्रत्येक गाडीचे इंजिन थोडे वेगळे आहे, आणि म्हणूनच जेटचा प्रश्न प्रत्येक मालकासमोर नव्याने येतो.

जेट म्हणजे काय आणि तो काम कसा करतो?

कार्बोरेटरमधून हवा वेगाने आत ओढली जाते तेव्हा अरुंद जागी तिचा दाब कमी होतो. खाली फ्लोटच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या फरकामुळे पेट्रोल वर चढते आणि हवेत मिसळते. ते ज्या छिद्रातून चढते तो जेट. छिद्र मोठे असेल तर पेट्रोल जास्त जाते, मिश्रण ‘रिच’ होते. छिद्र लहान असेल तर पेट्रोल कमी जाते, मिश्रण ‘लीन’ होते.

कार्बोरेटरमध्ये एकच जेट नसतो. ॲक्सिलरेटर किती पिळला आहे यानुसार कामाची वाटणी होते. आयडलपासून साधारण पाव ॲक्सिलरेटरपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू यांचे राज्य असते. त्यापुढच्या छोट्या पट्ट्यात स्लाइडच्या खालच्या काठाचा तिरपा काप महत्त्वाचा असतो. पाव ते पाऊण या पट्ट्यात सुई आणि तिची क्लिप काम करते. पाऊणपासून पूर्ण ॲक्सिलरेटरपर्यंत मेन जेट. हे पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे एक भाग बदलला की शेजारचाही थोडा हलतो. ‘गाडी मधेच अडखळते, मेन जेट बदला’ हा सल्ला म्हणूनच अनेकदा चुकतो. अर्ध्या ॲक्सिलरेटरवरची तक्रार बहुधा सुईची असते.

इंजिन मॉडिफाय केल्यावर मोठा जेट का लागतो?

कारखान्यातून आलेल्या बॅन्शीत २०० क्रमांकाचा मेन जेट असे. सायलेन्सर बदलून फिल्टर मोकळा केलेल्या गाड्यांत हा आकडा २६० ते ३०० किंवा त्याहूनही वर गेलेला दिसतो. यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण सायलेन्सरचे. टू-स्ट्रोकचा फुगीर पाइप केवळ धूर बाहेर टाकत नाही. त्यातील दाबाच्या लाटा ताजे मिश्रण सिलिंडरमधून ओढतात आणि बाहेर निसटू पाहणारे मिश्रण परत आत ढकलतात. चांगला पाइप ठरावीक वेगाला इंजिनात जास्त हवा भरतो, आणि जास्त हवेला जास्त पेट्रोल लागते.

दुसरे कारण फिल्टरचे. मूळ एअरबॉक्सचे झाकण हवेला थोडे अडवते. त्या अडथळ्यामुळे कार्बोरेटरमधला दाब आणखी घटतो आणि पेट्रोल जोरात ओढले जाते. झाकण काढले की हवा सहज येते, पण पेट्रोल ओढणारा जोर कमी होतो. हवा वाढली आणि ओढ घटली, असा दुहेरी परिणाम झाल्याने जेट बराच मोठा करावा लागतो.

तिसरे कारण खुद्द कार्बोरेटरचे. मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर बसवला की कमी आरपीएमला हवेचा वेग घटतो आणि ओढही घटते. म्हणून २६ मिलिमीटरच्या कार्बोरेटरवरचा जेट काढून ३५ मिलिमीटरच्या कार्बोरेटरला लावण्यात अर्थ नसतो. तिथे सगळी मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

चूक झाली तर इतके महाग का पडते?

फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल खाली वेगळे असते. बॅन्शीत तेल पेट्रोलमध्येच मिसळून भरावे लागते. पेट्रोल कमी मिळाले की तेलही कमी मिळते. त्याच वेळी लीन मिश्रणामुळे सिलिंडरमधली उष्णता वाढते आणि पिस्टनला आतून थंड करणारे ताजे मिश्रणही कमी पडते. पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि चिकटतो. कधी त्याच्या माथ्याला भोकही पडते. वाळूत हा धोका जास्त असतो, कारण चढावर इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटरवर, भाराखाली, बराच वेळ चालते. टेकडीच्या ऐन चढावर इंजिन जाम झाले तर मागची चाके अडकतात आणि चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

फसवी गोष्ट अशी की लीन होत जाणारे टू-स्ट्रोक इंजिन बिघडण्यापूर्वी काही काळ उत्तम चालते. आवाज टोकदार होतो, गाडी हलकी वाटते, ओढ वाढते. मालकाला वाटते, जेट अगदी बरोबर बसला. उलट रिच मिश्रणावर इंजिन भरभरते, धूर सोडते, प्लग काळे होतात. त्रास होतो, पण नुकसान सहसा प्लगपुरतेच राहते. म्हणूनच या क्षेत्रातला जुना नियम असा की सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करायची आणि एकेक पायरी खाली यायचे. लहान जेटपासून वर जाण्याचा प्रयोग पिस्टनच्या किमतीत पडतो.

एकाच क्रमांकाचे दोन जेट वेगळे कसे?

जेटवरचा आकडा सगळीकडे एकच गोष्ट सांगत नाही. मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या मेन जेटवरचा आकडा ठरावीक चाचणीत मिनिटाला किती पेट्रोल वाहते त्यावर आधारलेला असतो. मिकुनीच्याच गोल डोक्याच्या जेटवर आणि केहिनच्या मेन जेटवर आकडा छिद्राच्या व्यासाचा असतो. १५० म्हणजे १.५० मिलिमीटर. त्यामुळे मिकुनीच्या २८० ची आणि केहिनच्या १५० ची थेट तुलना करता येत नाही.

यातून हिशेबातही फरक पडतो. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. प्रवाहावर आधारलेल्या क्रमांकात ८ टक्के जास्त पेट्रोल हवे असेल तर आकडा सुमारे ८ टक्क्यांनी वाढवायचा. व्यासावर आधारलेल्या क्रमांकात तोच परिणाम सुमारे ४ टक्के वाढीने मिळतो. हे न कळल्यामुळे गरजेपेक्षा दुप्पट बदल करून बसणारेही असतात.

हवा बदलली की जेट का बदलतो?

कार्बोरेटर हवेचे वजन मोजत नाही. हवा विरळ झाली की पेट्रोलही थोडे कमी ओढले जाते, पण पुरेसे कमी नाही. हवेची घनता जितकी घटते, त्याच्या साधारण निम्म्याच प्रमाणात पेट्रोल घटते. म्हणून उंचावर गाडी रिच होते आणि खाली आल्यावर लीन.

उदाहरण घेऊ. युटा राज्यातील कोरल पिंक सँड ड्यून्स हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, तर ग्लॅमिस १०० मीटरच्या आसपास. दोन्हीकडे प्रमाणित वातावरण धरले तर ग्लॅमिसची हवा सुमारे १८ टक्के जास्त दाट असते. युटात अचूक बसवलेली गाडी तशीच ग्लॅमिसला आणली तर तिला सुमारे ८ ते ९ टक्के पेट्रोल कमी पडेल. मेन जेट २६० असेल तर तो २८० च्या घरात न्यावा लागेल.

तापमानाचेही तसेच. वाळवंटात हिवाळ्याच्या पहाटे ५ अंश आणि दुपारी ३० अंश सेल्सिअस असेल, तर पहाटेची हवा सुमारे ९ टक्के दाट असते आणि त्यासाठी सुमारे ४ टक्के जास्त पेट्रोल हवे. दुपारी बसवलेला जेट दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्याच फेरीत कमी पडण्याचे कारण हेच.

इथेनॉलने नेमका किती फरक पडतो?

शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याच्या एका किलोला ९ किलो हवा पुरते. दोन्ही मिसळल्यावर हे प्रमाण ई-१० साठी सुमारे १४.१, ई-१५ साठी १३.८ आणि ई-२० साठी १३.५ होते. याचा अर्थ तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. मोटारीतील संगणक ऑक्सिजन सेन्सरवरून हे ओळखतो आणि इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. जेटचे छिद्र मात्र आहे तेवढेच राहते.

इंधनाच्या घनतेतला किरकोळ फरक धरून हिशेब केला, तर बिनइथेनॉल पेट्रोलवरून ई-१० वर जाताना सुमारे ४ टक्के, ई-१० वरून ई-१५ वर जाताना सुमारे २ टक्के आणि बिनइथेनॉल पेट्रोलवरून ई-२० वर जाताना सुमारे ८ टक्के जास्त प्रवाह लागतो. मिकुनीच्या २८० च्या जेटला १० ची एक पायरी म्हणजे साडेतीन टक्के. म्हणजे ई-१० ते ई-१५ हा फरक अर्ध्या पायरीपेक्षा थोडा जास्त, तर शून्यावरून ई-२० म्हणजे दोन पायऱ्या.

यावरून ‘ई-१५ भरले की इंजिन गेले’ हा समज अतिशयोक्त ठरतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे आणि बाष्पीभवन होताना ते पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता शोषते, हेही त्याच्या बाजूने जाते. प्रश्न आहे बेरजेचा. युटात बसवलेला जेट ग्लॅमिसला तसाच आणला, त्यात पहाटेची थंडी आणि डब्यात चुकून ई-१५, तर ८-९ अधिक ४ अधिक २ अशी सुमारे १५ टक्क्यांची तूट होते. यातली एकही गोष्ट एकटी इंजिन मारत नाही. तिन्ही मिळून मारू शकतात, आणि मग दोष शेवटच्या गोष्टीला लावला जातो.

इथेनॉलचा दुसरा त्रास पाण्याचा. ते हवेतील ओलावा शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो. इंजिनाला पेट्रोल तळाकडूनच मिळते आणि त्या थरात वंगणाचे तेल नीट मिसळलेले नसते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा धोका जेटच्या चुकीइतकाच गंभीर असतो. जुन्या रबरी नळ्या आणि सीलवरही इथेनॉलचा परिणाम होतो.

तेल वाढवले तर सुरक्षित राहते का?

हा सर्रास होणारा गैरसमज आहे. ३२ भाग पेट्रोलला एक भाग तेल म्हणजे मिश्रणात सुमारे ३ टक्के तेल. २० ला एक केले तर तेल जवळपास पावणेपाच टक्के होते. जेटमधून जाणारे एकूण इंधन तेवढेच, पण त्यात पेट्रोलचा वाटा कमी. तेल वाढवले की मिश्रण थोडे लीनच होते. म्हणून तेलाचे प्रमाण आधी पक्के करायचे आणि मग जेट निवडायचा. नंतर प्रमाण बदलले तर जेटही तपासायचा.

मग जेट निवडायचा कसा?

अनुभवी मेकॅनिक जेटची डबी उघडण्यापूर्वी गळती तपासतात. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडे बंद करून इंजिनात सुमारे ६ पीएसआय दाब भरतात आणि तो सहा मिनिटे टिकतो का ते पाहतात. क्रँकचे सील, कार्बोरेटरचे रबर, सिलिंडरखालची गॅस्केट किंवा दोन कार्बोरेटरना जोडणारी छोटी नळी यांपैकी कुठूनही हवा शिरत असेल, तर गाडी लीन चालते आणि मोठा जेट ते झाकतो, बरे करत नाही. फिल्टर स्वच्छ, फ्लोटची उंची योग्य, पेट्रोल ताजे आणि दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या जातात याची खात्री ही पुढची पायरी. दोन्ही कार्बोरेटर जुळलेले नसतील तर एक सिलिंडर रिच आणि दुसरा लीन चालतो, आणि एकच जेट दोघांना पुरत नाही.

यानंतर अंदाजापेक्षा दोन-तीन पायऱ्या मोठा मेन जेट लावतात. इंजिन पूर्ण गरम करून वरच्या गिअरमध्ये, भाराखाली, पूर्ण ॲक्सिलरेटर देतात. इंजिन भरभरले तर एक पायरी खाली. भरभर थांबून ओढ स्वच्छ झाली की नवे प्लग लावून पुन्हा तशीच धाव घेतात आणि ॲक्सिलरेटर न सोडता, क्लच दाबून इंजिन बंद करतात. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या तळाशी, अगदी आत, जी काळपट-तपकिरी कडी उमटते ती पाहायची. टोकाचा रंग पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे, कारण तो आयडलचा आणि तेलाचाही असू शकतो. कडी नसेल तर मिश्रण लीन. पिस्टनच्या माथ्यावर, मिश्रण आत येणाऱ्या पोर्टच्या बाजूला धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे असतात. ते नाहीसे झाले तरी अर्थ तोच. वाळूत चालणाऱ्या गाडीसाठी या ‘बरोबर’ जेटपेक्षा एक पायरी मोठा ठेवण्याची पद्धत आहे. इथेनॉल आणि थंडी यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा ती हीच.

मग सुई. क्लिप वरच्या खाचेत गेली की सुई खाली बसते आणि मिश्रण लीन होते. क्लिप खाली घेतली की रिच. शेवटी पायलट. एअर स्क्रू फिरवत आयडल जिथे सर्वांत चांगले मिळते ती जागा एक ते अडीच फेऱ्यांच्या आत यायला हवी. एक फेरीच्या आतच सापडली तर पायलट जेट मोठा हवा, अडीचच्या पुढे गेली तर लहान. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आयडल खाली यायला वेळ लागत असेल, तर ते लीनचे किंवा गळतीचे लक्षण. मोटारींना लावतात तो ऑक्सिजन सेन्सर इथे फारसा भरवशाचा नाही, कारण टू-स्ट्रोकमध्ये न जळलेली हवाही थेट सायलेन्सरमध्ये जाते आणि आकडा फसवतो.

शेवटची पायरी वहीची. जेट, क्लिप, एअर स्क्रू, पेट्रोलचा प्रकार, तेलाचे प्रमाण, उंची आणि तापमान यांची नोंद एकत्र असेल तरच आकड्याला अर्थ राहतो. नुसते ‘२८० लाव’ हे कुणाच्या तरी वेगळ्या हवेतले, वेगळ्या पेट्रोलवरचे उत्तर असते.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे?

भारतात क्वाड कमी आहेत, पण कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक गाड्या आजही जपलेल्या दिसतात. १९८० च्या दशकात एस्कॉर्ट्सने बनवलेली राजदूत ३५० ही यामाहा आरडी-३५० ची भारतीय आवृत्ती होती. बॅन्शीच्या इंजिनाची हवेने थंड होणारी थोरली भावंडच म्हणायची. १९८५ मध्ये आलेली आरएक्स-१०० आणि बजाजच्या जुन्या स्कूटरही त्याच तत्त्वावर चालतात. या गाड्यांचे मूळ जेट बिनइथेनॉल पेट्रोलच्या काळात ठरले होते. देशात २०२२ च्या जूनमध्ये सरासरी १० टक्के मिश्रण गाठले गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत मजल गेली. म्हणजे ग्लॅमिसच्या मालकासमोर २ टक्क्यांचा प्रश्न आहे, तर पुणे-कोल्हापूरच्या आरएक्सवाल्यासमोर ८ टक्क्यांचा.

फरक निवडीचाही आहे. अमेरिकेत ई-१५ हा वेगळा पर्याय आहे, त्यावर मनाईची सूचना आहे आणि ई-१० शेजारीच मिळते. भारतात नेहमीचे पेट्रोल म्हणजेच ई-२०. बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असे म्हटले होते. चर्चा मायलेजभोवतीच फिरत राहिली. जुन्या टू-स्ट्रोकच्या मालकासाठी मात्र प्रश्न मायलेजचा कमी आणि पिस्टनचा जास्त आहे.

दोन्हीकडे धोरणामागे शेती आहे. तिकडे मका, इकडे ऊस, तांदूळ आणि मका. कच्च्या तेलाची आयात कमी करणे आणि शेतमालाला भाव मिळवून देणे हे हेतू लक्षात घेता, इथेनॉलचे प्रमाण मागे येण्याची शक्यता कमी दिसते.

पुढे काय?

नव्या गाड्यांना याची झळ कमी बसेल. त्यांचा संगणक जुळवून घेईल. जुन्या गाड्यांत ते काम मालकाला किंवा मेकॅनिकला हाताने करावे लागेल. खर्च फार नाही. पितळेचे दोन-चार जेट, नवे प्लग आणि एक दिवसाची चाचणी. अट एवढीच की पंपावरचे पेट्रोल बदलले आहे हे आधी मान्य करावे लागेल. पाच वर्षांपूर्वी मेकॅनिकने लावलेला जेट तेव्हा बरोबर होता, म्हणून आजही बरोबर असेलच असे नाही. ज्या गाडीत पेट्रोल मोजणारा संगणक नाही, त्या गाडीत ते मोजण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर येते.